बोली लोखंडावर, किंमत कागदाची

सरकारी माल ऑनलाइन लिलावात विकणाऱ्या एमएसटीसी कंपनीच्या लिलावपत्रकात जुन्या जिप्सीची सगळी कुंडली एका ओळीत मावते. लॉट नंबर, नग एक, ‘मारुती जिप्सी’, सैन्याचा बीए नंबर आणि ज्या डेपोच्या आवारात गाडी उभी आहे ते ठिकाण. शेवटी सगळ्याच लॉटना लागू असलेली अट: जशी आहे तशी, जिथे आहे तिथे, मागाहून तक्रार चालणार नाही. गाडी सुरू होते का, गिअरपेटी जागेवर आहे की कुणी काढून नेली, चेसिस सरळ आहे की वाकलेली, याबद्दल अवाक्षर नाही. एवढ्या माहितीवर बोल्या लागतात. अखेरच्या मिनिटांत बोली आली की मुदत आपोआप पुढे सरकते. त्यामुळे दुपारी तीनला संपायचा लॉट बराच वेळ रेंगाळतो, आणि बॅटरी, रेडिएटर, स्टेपनी यांतलं काहीच नसलेल्या सांगाड्यावर एवढी रक्कम चढते की तेवढ्यात कागद साफ असलेली चालती छोटी मोटार दारात यावी.

‘हौसेला मोल नसतं’ म्हणून हा विषय सोडून देता येतो, आणि बहुतेक जण तेच करतात. पण या चढ्या भावांत हौसेचा वाटा वाटतो तेवढा मोठा नाही. जुन्या फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना इंजिनाची ताकद मिळणाऱ्या, गाड्यांचं लोखंड देशात अजून भरपूर पडलंय. रस्त्यावर आणता येईल अशा कागदासकट मिळणारं लोखंड मात्र दरवर्षी आटत चाललंय, आणि लिलावात चुरस लागते ती त्या कागदासाठी. ही टंचाई सरकारी नियमांतून आली आहे, आणि ते नियम थोडे शहाणपणाने लिहिले तर ती कमीही होईल.

आधी भावाबद्दल थोडं तारतम्य. १९६० सालच्या महिंद्राच्या एका जाहिरातीत विलीज सीजे-३बी जीपची किंमत २०० रुपयांनी उतरवून १२,४२१ रुपये केल्याची घोषणा होती. त्या काळी दहा ग्रॅम सोनं सव्वाशे रुपयांच्या आत मिळत होतं. म्हणजे कोरी जीप साधारण किलोभर सोन्याच्या भावाची होती. आजची कुठलीही जुनी जीप, कितीही नटवलेली असो, त्या मापाच्या जवळपास जात नाही. तेव्हा ‘जीपचे भाव आभाळाला टेकले’ ही ओरड सोन्याच्या तराजूत टिकत नाही. जिप्सीची गोष्ट निराळी. २०१९ मध्ये ती खाजगी गिऱ्हाइकांसाठी बंद झाली तेव्हा कोऱ्या गाडीची शोरूम किंमत सव्वासहा लाखांच्या आसपास होती, आणि नीट राखलेल्या जुन्या जिप्सी किंगला आज सर्रास त्याच्या वर भाव सांगितला जातो. कोरी असताना होती त्यापेक्षा महाग झालेली मारुती आपल्याकडे फार वेळा बघायला मिळालेली नाही.

मागणी वाढायची कारणं सगळ्यांना दिसतात. १९८५ च्या डिसेंबरात ९७० सीसीच्या इंजिनावर आलेली, १९९६ मध्ये १,२९८ सीसीची ‘किंग’ झालेली ही गाडी टनाच्या आत वजनाची, चारही चाकांना पाटे, शिडीसारखी चेसिस, आणि बिघडली तर गावातला फिटर रस्त्याच्या कडेला उघडू शकेल इतकी सरळ. २०२३ च्या जूनमध्ये मारुतीचीच जिम्नी आली ती १२.७४ लाखांपासून. २०२० ची महिंद्राची नवी थार सुरू झाली ९.८० लाखांपासून. ज्याला सह्याद्रीत चिखलात गाडी घालायची आहे आणि बोनेटवर ओरखडा पडला तरी झोप उडू द्यायची नाही, तो जुन्या गाडीकडे वळणारच. ताडोबा, पेंच, कान्हा इथल्या सफारीचा सगळा धंदा उघड्या जिप्सीवर उभा राहिला आणि नवी जिप्सी मिळणं बंद झालं. तिथल्या मालकांना एक गाडी मोडली की दुसरी लागतेच. शिवाय रील्स आहेत. महेंद्रसिंग धोनीने २०१९ मध्ये जोंगा ही सैन्याची जुनी जीप घेतली आणि जबलपूरच्या वाहन कारखान्यात बनलेल्या, ३,९५६ सीसीचं पेट्रोल पिणाऱ्या त्या धुडाला अचानक मागणी आली. जोंगा पोसणं म्हणजे काय हे पहिल्या टाकीनंतर कळतं, पण तोवर व्यवहार होऊन गेलेला असतो.

पुरवठ्याकडे मात्र फारसं कुणी बघत नाही. त्याचे तीन नळ, पहिला सरकारी खात्यांचा. १६ जानेवारी २०२३ ला केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने मोटार वाहन नियमांत ५२-अ हा नियम घातला. १ एप्रिल २०२३ पासून केंद्र आणि राज्य सरकारं, महापालिका, पंचायती, एसटीसारखी महामंडळं, सरकारी कंपन्या, स्वायत्त संस्था यांच्या मालकीच्या गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनी संपते. नूतनीकरण होत नाही आणि गाडी नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्रातच मोडावी लागते. देशाच्या संरक्षणासाठी आणि कायदा-सुव्यवस्थेसाठी वापरातल्या चिलखती व इतर खास गाड्यांना तेवढी सूट. त्याआधी पोलिस, वन, पाटबंधारे, जिल्हा परिषद यांच्या जीपा आणि जिप्स्या जाहीर लिलावात निघायच्या, कुणीही अनामत भरून बोली लावायचा, आणि आरटीओत जाऊन गाडी आपल्या नावावर करून घ्यायचा. डोंगराळ तालुक्यांत दूध, खत, कांदा ओढणाऱ्या कितीतरी जीपा अशाच खात्यांकडून उतरलेल्या होत्या. आता त्या लिलावात बोली लावायची मुभा स्क्रॅपिंग केंद्रांनाच आहे.

दुसरा नळ खाजगी गाड्यांचा. दिल्ली आणि परिसरात दहा वर्षांवरच्या डिझेल आणि पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर सर्वोच्च न्यायालयाने २९ ऑक्टोबर २०१८ ला बंदी कायम केली, तेव्हा तिथल्या जिप्स्या एनओसी घेऊन बाहेरच्या राज्यांत आल्या. तो लोंढा कधी ना कधी सरणारच होता. उरलेल्या मालकांना नोंदणी टिकवणं महाग पडू लागलं. पंधरा वर्षांनंतरच्या नूतनीकरणाचं शुल्क मोटारीसाठी ६०० रुपयांवरून १ एप्रिल २०२२ ला ५,००० झालं, आणि २०२५ च्या ऑगस्टमध्ये वीस वर्षांवरच्या मोटारींसाठी १०,०००. गाडी आयात केलेली असेल तर ८०,०००. महाराष्ट्रात त्यावर पर्यावरण कर. ज्याच्या अंगणात जीप नुसतीच उभी होती त्याने ती भंगारात घातली, नोंदणी रद्द झाली, आणि बाजारातला एक कागद कमी झाला. शुल्क वाढवून प्रदूषण किती घटलं याचा हिशेब मांडणाऱ्यांनी हाही परिणाम त्यात धरावा.

तिसरा नळ सैन्याचा, आणि ऑनलाइन लिलावातली खरी झुंबड इथेच दिसते. सैन्याच्या गाड्या आरटीओत नोंदलेल्या नसतात. मोटार वाहन कायद्याच्या कलम ६० प्रमाणे त्यांची नोंदणी सैन्य स्वतः करतं. वर टोक केलेला बाण, मग खरेदीच्या वर्षाचे दोन आकडे, मग अक्षर आणि क्रमांक अशी ती पाटी, म्हणून लिलावपत्रकातला बीए नंबर वाचता आला तर गाडीचं साल कळतं. लिलावात घेतलेल्या अशा गाडीच्या नोंदणीची वाट नियमांत आहे. संरक्षण खात्याच्या अधिकाऱ्याने सही केलेलं विक्री प्रमाणपत्र, म्हणजे फॉर्म २१, आणि नोंदणीचा अर्ज फॉर्म २०. मेख अशी की हा फॉर्म २१ प्रत्येक लॉटबरोबर मिळत नाही. लॉट भंगार म्हणून विकला असेल तर तुम्ही घेता ते फक्त वजन. शेजारशेजारी उभ्या दोन जिप्स्या, एकाच सालच्या, एकाच रंगाच्या. एकीला फॉर्म २१ आहे, दुसरीला नाही. पत्रकातल्या त्या एका ओळीत दोघी जुळ्या बहिणी. फरक लपलेला असतो अटी-शर्तींच्या पानांत, कुठल्यातरी पोटकलमात. नवखा बोलीदार दुसरीवरही पहिलीचाच भाव लावतो, आणि तो भाव पुढच्या लिलावात ‘चालू दर’ ठरतो.

आता ही बोली शेवटी किती रुपयांना पडते ते पाहू. हिशेबासाठी दीड लाखाला लॉट सुटला असं धरू. त्यावर १८ टक्के जीएसटी, २७,०००. भंगार म्हणून विक्री असेल तर वर टीसीएस, म्हणजे विक्रीवेळीच वसूल होणारा आयकर. म्हणजे गाडीला हात लावण्याआधीच पावणेदोन लाखांच्या पुढे. बोलीला गाडी विकणाऱ्या खात्याची मान्यता लागणार असली तर निकाल हाती येईपर्यंत अनामत अडकून पडते. मान्यता आली की पैसे भरायची मुदत वेगळी, गाडी उचलायची मुदत वेगळी, आणि दुसरी चुकली की दिवसाला जागाभाडं. पश्चिम बंगालमधल्या पानागढहून पुण्याला गाडी आणायची तर जवळपास २,००० किलोमीटर ट्रकवर, चढवायला-उतरवायला क्रेन, कारण चाकं फिरतील याची खात्री नसते.

आणि यंत्राची अवस्था? पाहणीच्या दिवशी गाडी सुरू करून बघायला मिळत नाही, जॅक लावू देतीलच असं नाही. डोळे, हात आणि एक स्क्रूड्रायव्हर एवढ्यावर निदान करायचं. जिप्सीत सगळ्यात आधी चेसिस बघावी: मागच्या पाट्यांच्या शॅकलपाशी आणि पुढच्या चाकांच्या मागे, जिथे चिखल साठून राहतो. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकलं की चांगला पत्रा टणकन वाजतो, आतून खाल्लेला बद्द आवाज देतो. टेप घेऊन पुढच्या डाव्या पाट्याच्या बोल्टपासून मागच्या उजव्यापर्यंत आणि मग उलट, असे दोन्ही कर्ण मोजावेत. पाच-सात मिलिमीटरच्या वर फरक निघाला तर गाडीने कधीतरी जबर मार खाल्लाय आणि नुसत्या अलाइनमेंटने ती सरळ धावणार नाही. पुढच्या अ‍ॅक्सलच्या गोळ्यांवरून तेलाचे ओघळ टायरच्या आतल्या बाजूवर उतरले असतील तर आतलं अ‍ॅक्सल सील गेलंय, डिफरन्शियलचं तेल ग्रीसमध्ये मिसळतंय, आणि ते ग्रीस पातळ होऊन किंगपिनची, म्हणजे ज्या खिळीवर पुढचं चाक वळतं तिची, बेअरिंग उपाशी पडली आहेत. अशी गाडी साठच्या पुढे गेली की स्टिअरिंग हातात थडथडतं. गावोगावचे गॅरेजवाले तेव्हा स्टिअरिंग डँपर बदलून देतात, महिनाभर बरं वाटतं, मग पुन्हा तेच. दुखणं किंगपिनच्या बेअरिंगमध्ये आणि त्यांच्या शिममध्ये, म्हणजे पातळ चकत्यांमध्ये, असतं. तिथला ताण स्प्रिंग काट्याने मोजून शिम बसवायचे असतात, अंदाजाने नाही.

जिप्सीची ट्रान्सफर केस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटून देणारी पेटी, गिअरपेटीपासून सुटी असते, तीन रबर माउंटवर टांगलेली, आणि दोघींना जोडणारा आखूड शाफ्ट मध्ये. माउंट फाटले की केस हलते, शाफ्टचे क्रॉस झिजतात, आणि छोटा गिअर दांडा सतत थरथरतो. या केसमध्ये तेल असतं जेमतेम ०.८ लिटर. सील थोडं जरी ठिबकलं तरी वर्षभरात ती कोरडी, आणि बेअरिंग रडायला लागतात. गिअरपेटीत १.३ लिटर, पुढच्या डिफरन्शियलमध्ये २, मागच्यात दीड. हे आकडे पाठ असावेत, कारण आणलेल्या गाडीचं पहिलं काम म्हणजे चारही ठिकाणचं तेल काढून मोजणं. कमी निघालं तर गळती, चहासारखं दुधाळ निघालं तर पाणी शिरलंय, चमचम दिसली तर दात किंवा बेअरिंग झिजतंय.

तीन-चार पावसाळे उघड्यावर काढलेल्या इंजिनाला लगेच स्टार्टर मारणं हा सगळ्यात महागडा मोह. रिंगा सिलिंडरला चिकटलेल्या असतात, झटका बसला की तुटतात. प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये दोन चमचे इंजिन ऑइल सोडायचं, रात्रभर ठेवायचं, सकाळी क्रँकच्या पुलीला सॉकेट लावून हाताने फिरवायचं. अडलं तर जोर करायचा नाही, पुन्हा तेल, पुन्हा रात्र. मोकळं फिरलं की टायमिंग बेल्ट नवा घालायचा, टाकी उतरवून धुवायची, आणि मगच बॅटरी. गरम इंजिनावर कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) घ्यायचं. जिप्सीच्या १,२९८ सीसी इंजिनाचं कोऱ्यात चौरस सेंटीमीटरला १४ किलो असतं, १२ च्या खाली गेलं किंवा दोन सिलिंडरमध्ये किलोभराहून जास्त फरक आला की हेड उतरवायचं. क्लच प्लेट फ्लायव्हीलला गंजून चिकटणं, ब्रेकचे सिलिंडर जाम होणं ही दुखणी तर गृहीतच धरावीत.

हे एवढं लांबण लावायचं कारण: वरच्यापैकी बहुतेक गोष्टी डेपोतला कुठलाही जाणता कारागीर अर्ध्या तासात तपासून कागदावर लिहू शकतो. कुणी लिहीत नाही. अमेरिकेत टोयोटाची एफजे-४० आणि १९६६ ते १९७७ मधली पहिली फोर्ड ब्रॉन्को यांच्या किमती ऑनलाइन लिलावांनीच वर नेल्या. तिथेही हौशे-गवशे-नवशे आहेत, पैसा तर आपल्यापेक्षा जास्तच. पण तिथल्या ‘ब्रिंग अ ट्रेलर’सारख्या लिलावात एका गाडीचे शंभराच्या वर फोटो असतात. खालून काढलेले, गंजाचे, नंबराच्या पट्टीचे, आणि थंड इंजिन सुरू करतानाचं चित्रीकरणही. लिलाव संपला की अंतिम रक्कम जगाला दिसते. भाव चढला तर का चढला हे बघणाऱ्याला कळतं. आपल्याकडे सरकारी मालमत्ता विकली जाते, तरी मागच्या वेळी तसाच लॉट कितीला गेला हे सामान्य माणसाला सहज सापडत नाही. जो दलाल दर महिन्याला बोली लावतो त्याच्या वहीत मात्र ते सगळं असतं.

कागद दुर्मीळ झाला की कागदाचा काळाबाजार सुरू होतो, तो इथेही झालाय. अपघातात चुराडा झालेल्या किंवा कुजून गेलेल्या जीपचं आरसी बुक जपून ठेवलं जातं, आणि भंगारात स्वस्त घेतलेला सांगाडा त्या नंबराखाली उभा केला जातो. कागद एकीचा, लोखंड दुसरीचं. हरियाणातल्या डबवालीसारख्या बाजारांत नवी बॉडी बनवून मिळते, ती मूळ घडणीचीच असेल तर तक्रारीला फारशी जागा नाही. १८ गेज म्हणजे १.२ मिलिमीटर पत्र्याऐवजी २० गेजचा, जेमतेम ०.९ चा वापरला तर तीन पावसाळ्यांत फरशी हलायला लागते, एवढीच तक्रार. लोहचुंबक फिरवून पुट्टी कुठे आहे ते कळतं, पण पातळ पत्र्यालाही चुंबक चिकटतोच. पत्र्याची उघडी कड सापडली तर तिथे कॅलिपर लावावा. खरा धोका चेसिस नंबरात. नंबराच्या आजूबाजूलाच ताजा रंग, पट्टीच्या मागून वेल्डिंगची रेघ, ग्राइंडरचे ओरखडे, एक आकडा खोल आणि शेजारचा उथळ, यांतलं काहीही दिसलं तर गाडी कितीही देखणी असो, तिथून निघावं. पेन्सिल घासून नंबराचा ठसा घ्यावा आणि आरसीशी आकडा-आकडा ताडावा. सैन्यातून आलेल्या गाडीत एक प्रामाणिक गोंधळही असतो. ओव्हरहॉलच्या वेळी वर्कशॉपात इंजिन बदललेलं असतं आणि विक्रीच्या कागदावर जुनाच इंजिन नंबर राहून जातो. ही चूक फॉर्म २१ हाती पडायच्या आधी डेपोतच दुरुस्त करून घ्यायला हवी. गाडी हजार किलोमीटर दूर आल्यावर त्या एका आकड्यासाठी खेटे घालणं कुणाच्याच नशिबी येऊ नये.

या सगळ्यावर तिघांचे आक्षेप येतात. पहिला पर्यावरणवाल्यांचा: जुनी इंजिनं धूर ओकतात, मोडीत जाऊ द्या. पहिल्या निम्म्याशी भांडण नाही. थकलेल्या रिंगांचं प्यूजो डिझेल असलेली महिंद्राची एमएम-५४० जीप घाटात काय सोडते ते मागच्या दुचाकीवाल्याला विचारावं. पण धूर वर्षाला किती होतो ते गाडी किती किलोमीटर फिरते यावर ठरतं. रोज शहरातून दोनशे किलोमीटर धावणारा टेंपो आणि महिन्यातून दोनदा बाहेर पडणारी जीप यांना एकाच वयाच्या काठीने मारण्यात शास्त्र कमी आणि सोय जास्त आहे. दुसरा आक्षेप असा की हे श्रीमंतांचे चोचले, सरकारने यात का पडावं. सरकार यात आधीच पडलेलं आहे. विकणारंही तेच, मोडायला लावणारंही तेच. खरेदीदार कमी ठेवून आपलीच मालमत्ता भंगाराच्या भावाने घालवायची आणि उरलेल्या मूठभर गाड्यांवर लोकांना एकमेकांच्या उरावर बसवायचं, यात जनतेच्या पैशाचं भलं कुठे होतं?

तिसरा आक्षेप जास्त वजनदार: विंटेज गाड्यांसाठी २०२१ पासून वेगळे नियम आहेतच की. आहेत. पन्नास वर्षं पूर्ण झालेली गाडी, नव्या नोंदणीला २०,००० रुपये, दहा वर्षांची मुदत, पुढे ५,०००, पाटीवर ‘व्हीए’ ही अक्षरं. अशी गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती, एवढ्यासाठीच. नियम वाईट नाही. पण त्यात चेसिस, बॉडी आणि इंजिन मूळचंच असावं अशी अट आहे, आणि इथे आपल्या जीपांचा इतिहास आडवा येतो. पेट्रोल परवडेना म्हणून गावागावांत सीजे-३बी मधलं हरिकेन पेट्रोल इंजिन काढून मॅटाडोरचं डिझेल बसवलं गेलं. कुठे ते आरसीवर चढवलं, कुठे नाही. कोल्हापूरच्या उद्यमनगरात त्यासाठी लागणाऱ्या अ‍ॅडॉप्टर प्लेटा लेथवर वळवून मिळायच्या. भारतातल्या जीपचं ते खरंखुरं आयुष्य आहे, तरी नियमाच्या लेखी ते व्यंग ठरतं. शिवाय मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, आणि कंपनीच्या मूळ रचनेत फेरफार चालणार नाही हे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ च्या जानेवारीत बजावलंय. परिणाम असा की मूळ इंजिन नंबर जुळणाऱ्या थोडक्या जीपांना सोन्याचा भाव, आणि बाकीच्या ना विंटेज ना चालत्या. आता उलटी यात्रा सुरू झाली आहे. नाना पेठेपासून कुर्ल्यापर्यंत लोक हरिकेनचे ब्लॉक शोधत फिरतात, जे त्यांच्याच वाडवडिलांनी किलोवर विकले होते.

पन्नासच का, हा प्रश्नही विचारायला हवा. ऐतिहासिक वाहनांची जागतिक संघटना ‘फिव्हा’ तीस वर्षांची गाडी ऐतिहासिक मानते. जर्मनी तिसाव्या वर्षी ‘एच’ अक्षराची वेगळी पाटी देतं. ब्रिटनमध्ये चाळीस वर्षांनी, मोठा फेरफार नसेल तर, रस्ता कर आणि वार्षिक तपासणी दोन्हींतून सूट मिळते. अमेरिका पंचविसाव्या वर्षी आयातीचा दरवाजा उघडते. आपल्याकडे खाजगी गाडीला पंधरा ते पन्नास या पस्तीस वर्षांत दर पाच वर्षांनी चढतं शुल्क भरत तग धरावा लागतो, आणि सरकारी गाडीला तेही नाही, पंधराव्या वर्षी थेट कातर. पन्नाशीपर्यंत जगेल कोण, हे यातच ठरून जातं.

करण्यासारखं फार अवघड नाही. तीस वर्षांपासून पुढच्या गाड्यांसाठी मर्यादित किलोमीटरची एक मधली वर्गवारी करावी. वर्षाला समजा ३,००० किलोमीटर, ओडोमीटरची नोंद पीयूसीच्या वेळी, आणि त्या काळात अधिकृतपणे आरसीवर चढवलेलं इंजिन ‘मूळ’ धरायचं. सरकारी खात्यांच्या फोर बाय फोर गाड्यांपैकी ज्या तंदुरुस्ती चाचणीत पास होतील त्या मोडण्याआधी एकदा खुल्या लिलावात ठेवाव्यात. गिऱ्हाईक आलं नाही तर स्क्रॅपिंग केंद्र आहेच, कुणाचंच नुकसान नाही. लिलावपत्रकात ‘नोंदणीयोग्य’ की ‘भंगार’ हा रकाना पहिल्याच ओळीत, ठळक अक्षरात. भंगार असेल तर विक्रीपूर्वीच चेसिस नंबराची पट्टी कापून डेपोत जमा, म्हणजे पुढे कागद आणि लोखंडाची लग्नं लावता येणार नाहीत. प्रत्येक नोंदणीयोग्य लॉटला दहा फोटो आणि एक पान: इंजिन हाताने फिरतं का, गिअरपेटी व ट्रान्सफर केस जागेवर आहे का, चेसिसचे कर्ण, नंबराचा ठसा, गायब भागांची यादी. आणि लिलाव संपल्यावर अंतिम रक्कम जाहीर.

एवढं झाल्यावर भाव पडतील का? चांगल्या गाड्यांचे कदाचित पडणार नाहीत, पडायलाही नकोत. ज्याने तीन वर्षं खपून एक जोंगा उभी केली त्याला तिचे पैसे मिळावेत. पडतील ते सांगाड्यांचे, जे आज चांगल्या गाडीच्या सावलीत विकले जातात.

हौशी मंडळींच्या बाजूनेही एक गोष्ट बोलली पाहिजे. शेवटच्या मिनिटाची ती वाढती मुदत म्हणजे माणसाला खड्ड्यात उतरवायचा जिना आहे. शंभर-दोनशे रुपयांची एकेक पायरी, प्रत्येक पायरी किरकोळ वाटते. दुरुस्ती, वाहतूक, कर आणि नोंदणी यांची बेरीज आधी कागदावर मांडून, त्यातून मागे येत बोलीचा वरचा आकडा ठरवणारे थोडे. बाकीचे समोरच्याची बोली बघून आपली ठरवतात. नियम सुधारले तरी हे सुधारणार नाही, आणि त्याचं खापर मंत्रालयावर फोडण्यात अर्थ नाही.

वेळापत्रक मात्र मंत्रालयाच्या हातात आहे. २०११ मध्ये एखाद्या खात्यात रुजू झालेली जिप्सी २०२६ मध्ये पंधरा वर्षांची होते. शेवटी शेवटी, २०१९ मध्ये दाखल झालेल्या जिप्सीची पाळी २०३४ मध्ये येईल. आणि देशातली सगळ्यात पहिली जिप्सी विंटेज म्हणून अर्ज करायला पात्र होईल ती २०३५ च्या डिसेंबरात.